फलाट रिकामा असेल तर

आज तिथे नुसता मोडका फलाट दिसेल. पण एके काळी त्या स्टेशनचा काय थाट होता म्हणता! पलीकडच्या खाणीचा दगड इथूनच जायचा, दिवसाला सहा गाड्या थांबायच्या, मास्तर, हमाल, चहावाला, जो तो आपापल्या तोऱ्यात. मग खाण बंद पडली आणि स्टेशनची रयाच गेली. मास्तरांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. मागे उरले गाड्यांना झेंडा दाखवणारे झेंडेकाका आणि काकू, फलाटाला लागूनच्या एका खोलीत.

वरून हुकूम आला. फलाटावर माणूस दिसला तर लाल झेंडा दाखवून गाडी थांबवायची, नाहीतर हिरवा. काका नाकासमोर चालणारे. बावीस वर्षं त्यांनी तेच केलं. नजर टाकायची, हात वर. काकू चिडवायच्या, "अहो, झोपेतसुद्धा हिरवाच दाखवता तुम्ही." स्वतः काकू मात्र फळीवरची भांडी कशी खडखडतात त्यावरून सांगायच्या, ही मालगाडी, ही आपली गाडी. कधी चुकल्या नाहीत.

त्या दिवशी काकूंच्या छातीत कळ आली. डॉक्टर पुढच्या शहरात, धड रस्ता नाही, साडेअकराची गाडी गेली की थेट संध्याकाळची. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून त्यांनी काकूंना भिंतीपलीकडच्या प्रवाशांच्या खोलीत बाकावर आडवं केलं. "गाडी थांबली की उचलून नेतो," म्हणाले, आणि झेंडे घेऊन बाहेर धावले.

वळणावर इंजिन दिसलं. काकांनी फलाटावर नजर टाकली. चिटपाखरू नव्हतं. आणि मेला तो हात वर गेला. हिरवा!

जित्याची खोड म्हणतात ती ही. इंजिन समोरून निघून गेलं तेव्हा कुठे काका भानावर आले. झेंडे टाकून, दोन्ही हात हलवत, ओरडत डब्यांमागे धावले. शेवटच्या डब्यातल्या गार्डला वाटलं, म्हातारा आज भलताच खुशीत आहे. त्यानेही हात हलवला.

काका आत आले. काकूंनी डोळे किलकिले केले.

"आली का हो गाडी?"

"मालगाडी होती," काका म्हणाले. "आपली लेट आहे."

"बरं," काकू म्हणाल्या. "येईल मग."

तीनच्या सुमारास त्या गेल्या.

संध्याकाळच्या गाडीला काकांनी लाल झेंडा दाखवला. गाडी थांबली. "काय काका, कोण चढतंय?" ड्रायव्हरने विचारलं.

चार दिवसांनी ते खोलीत एकटेच बसले होते. बाहेरून खरोखरीची मालगाडी गेली, फळीवरची भांडी खडखडली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"कळलं होतं तिला," ते भिंतीला सांगत होते. "सगळं कळलं होतं, आणि बरं म्हणाली."