मरळीचा दंड

माझे यजमान एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर लोकांना "पुढे सरका" सांगून निवृत्त झाले आणि मग स्वतः वैनगंगेच्या काठी असे बसले, की जागचे हलेनात. हातात गरी, म्हणजे आपला मासे पकडायचा गळ, पाण्यावर मोराच्या पिसाचा तुकडा तरंगतोय आणि त्या पिसाकडे बघत बसलेला माणूस. संसारात त्यांनी माझ्याकडे एवढं लक्ष दिलं असतं तर मी कधीच चिडले नसते.

पण नदी आता पूर्वीची राहिली नाही. धरणाचं पाणी मागे पसरून प्रवाह थांबला, वरच्या शहरांची घाण त्यात येऊन साचते आणि जलपर्णीचा हिरवा गालिचा काठापासून काठापर्यंत. यांच्या गरीला मासोळीच्या आधी पिशवी लागायची. एकदा एक चप्पल लागली. दुसरी मिळेल म्हणून हे आणखी एक तास बसले होते. भंडाऱ्याला चार सरकारी कचेऱ्यांत जाऊन सांगून आले, की नदीतली मासोळी संपत चालली. सगळ्यांनी बसवलं, चहा पाजला. चहा चांगला होता म्हणाले.

मग त्यांनी ठरवलं, नदीचं आपल्याच्यानं होत नाही, गावची बोडी तरी वाचवू. बोडी म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं लहान तळं. करडी भागातल्या प्रत्येक गावाला एखादी तरी असते, आणि आमची एका नाल्यानं नदीला जोडलेली आहे. पावसाळ्यात नाला भरला की नदीतल्या मासोळ्या अंडी घालायला उलट्या चढून वर येतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत गाव टोपल्या घेऊन नाल्यात उभं असतं, कारण पोटात अंडी असलेल्या मासोळीची चव काही औरच. आम्हीही खात आलो. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात मी ती चव घेतली आणि नवऱ्याबद्दलचं माझं मत सुधारलं, हे खोटं कशाला सांगू?

यांनी गाव जमवलं आणि समजावलं. विशेषतः मरळीचं. मरळ पिलांना सोडून जात नाही. लाल पिलांचा घोळका पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा फिरतो आणि आई खाली राखण करते. त्या घोळक्यात गरी टाकली की ती पिलांसाठी धावून येते आणि अडकते. आई गेली की पिलं दोन दिवसांत बगळ्यांच्या पोटात. लोकांनी माना डोलावल्या. ठरलं, पोळ्यापर्यंत बोडीत आणि नाल्यात कोणी मासोळी धरायची नाही. धरली तर दंड.

दंड कसला, यावर मात्र बराच वेळ गेला. पैशाचा नको, भांडणं होतात. शेवटी जुनाच दंड काढला : चुकेल त्यानं गावजेवण द्यायचं. आणि एका म्हाताऱ्यानं सुचवलं, गुन्हा मासोळीचा, तर जेवणही मासोळीचंच. सगळ्यांना ते फार न्यायाचं वाटलं. आमच्या यजमानांनाही. मासे वाचवायच्या नियमाला मासे खाण्याचा दंड! चाळीस वर्षं सुट्ट्या पैशांवरून भांडलेल्या माणसाला यातली गोम दिसू नये, याचं मला आजही नवल वाटतं.

पण राखण मात्र अशी झाली, की विचारू नका. बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सकाळपासून माणसं. पत्ते तिथेच, बिडी तिथेच, शेळ्याही तिथेच. कोणीतरी चुकेल, या आशेनं अख्खं गाव डोळ्यांत तेल घालून बसलेलं. हे अभिमानानं सांगायचे, "लोकायमंदी जागृती आली." मी म्हणायचे, "भूक आली."

त्याच श्रावणात माझी मुलगी बाळंत होऊन घरी आली. मुलगी झाली तिला. नात गोड, पण लेक पार खंगलेली, आणि दूध उतरेना. बाळ रडायचं, तीही रडायची. डॉक्टरनं डाळ, पालेभाजी, अंडी सांगितली. पण तिच्या सासूबाईंचा, म्हणजे आमच्या विहीणबाईंचा, रोज सकाळी फोन.

"मरळ देल्ली काय जी? आमच्याकडे तं बाळंतिणीले मरळच देते. दूध कसं उतरन मंग?"

तिसऱ्या दिवसापासून मी फोन वाजला की न्हाणीघरात जाऊ लागले. पोरीचे हाल बघवत नव्हते आणि माहेरचं नाक कापलं जात होतं ते वेगळंच. शिवाय बाळंतिणीला मरळ जिवंत हवी, बर्फातली चालत नाही, हेही आमच्याकडे ठरलेलं. भंडाऱ्याच्या बाजारात जिवंत मरळ नव्हती. बोडीत होती. आमच्या मागल्या दारातून दिसायची.

"एक आना," मी म्हटलं. "आपल्या पोरीसाठी."

"पिलं हायेत तिची," हे म्हणाले.

"आन् हे कोनाचं पिल्लू हाय?"

ते उठून बाहेर गेले. गावातली माणसं तर घरी येऊन आग्रह करू लागली. "घ्या जी कंडक्टरसाहेब, लेकीपुढं नियम काय!" डोळ्यांत माया होती, आणि तोंडाला पाणीही.

चौथ्या दिवशी हे पेन्शनच्या कामाला भंडाऱ्याला गेले. मी त्यांची गरी काढली आणि भर दुपारी बोडीवर गेले. पाळीवर नेहमीची मंडळी होती. मला पाहून सगळे एकदम पत्त्यांत बुडाले. एकानं तर माझ्या वाटेतली शेळी हळूच ओढून घेतली. शेजारच्या म्हातारीला तेवढं राहवलं नाही, ती कुजबुजली, "तेथं नोको टाकू वो, त्या बेशरमाच्या झुडपाजवळ टाक. तेथंच फिरते ते."

लाल घोळका तिथेच होता. मी मधोमध गरी टाकली. पाणी असं उसळलं, की मीच पडता पडता वाचले. ओढली, काठावर आणली, पदरात धरली. हातभर मरळ.

मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते. दुसरी मासोळी असती तर मरून मोकळी झाली असती आणि मीही सुटले असते. हिनं मला विचार करायला वेळ दिला. तेवढ्यात ती पिलं काठाशी आली. जिथून मी तिला ओढलं, त्याच जागी गोल गोल फिरू लागली, माझ्या पायाच्या बोटांपर्यंत. मला त्या क्षणी नवऱ्याचा इतका राग आला! त्यांनी ते सगळं सांगून ठेवलं नसतं, तर मला ती नुसती मासोळी दिसली असती. घरी माझी लेक उपाशी बाळ घेऊन बसली होती. मी रडले, आणि मरळीच्या तोंडातून गरी सोडवून तिला पाण्यात सोडली. मागून पाळीवरचे सगळे एका आवाजात म्हणाले, "अरेरेरे!"

संध्याकाळी बैठक. सोडली तर दंड लागतो का? निकाल नियम करणाऱ्यानंच द्यावा, असं ठरलं. हे उभे राहिले, माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "तिकीट फाडलं का फाडलं. मंग तुमी उतरा का बसा." टाळ्या पडल्या.

जेवण झालं. पोती भरून रोहू आले बाजारातून, कुठल्या तळ्यातले, कुठल्या नदीतले, कोणी विचारलं नाही. एकेका मासोळीच्या पोटात मूठ मूठ अंडी. लोकांनी बोटं चाटली. हे स्वतः वाढत होते. पातेल्यात डाव घातला की अंड्यांचा गोळा वर यायचा आणि यांचा हात थांबायचा. शेवटी सगळ्यात मोठा गोळा त्यांनी लेकीच्या ताटात घातला आणि तोंड फिरवलं. ती दोनदा भात मागून जेवली. पुढे दूध उतरलं. ते रश्श्यानं, की नातीला बघायला आलेल्या विहीणबाई त्याच पंगतीत जेवून तृप्त झाल्या आणि फोन थांबला म्हणून, देव जाणे.

यांनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात दंड बदलून घेतला. आता चुकेल त्यानं वरण-भात आणि वांग्याची भाजी द्यायची. नियम कसा, आता शुद्ध झाला.

त्या दिवसापासून पाळ ओस पडली. वरण-भातासाठी कोण उन्हात बसेल? यंदा आखाडात लाल घोळका दिसला, तेव्हा हे एकटेच सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायचे. एक दिवस आले आणि भाकरी तशीच ठेवली. "आई नेली कोनंतरी. पिलं पांगली," एवढंच म्हणाले. मी मागल्या दारातून पाहिलं, काठावर बगळे रांगेनं उभे होते.

मीच बैठकीत गेले. म्हटलं, मासोळीचंच जेवण परत आणा. एवढ्या एकमतानं आमच्या गावात दुसरा कुठलाच ठराव मंजूर झाला नसेल. हेही हात वर करून बसले होते, मान खाली घालून.

आता पाळ पुन्हा भरली आहे. पत्ते आहेत, शेळ्या आहेत, बिड्या आहेत. माझी नात चालायला लागली आहे, तिला घेऊन मीही जाते. यजमान नाल्याच्या तोंडाशी बसतात आणि एखादी वर चढून येते का, म्हणून नदीकडे बघतात. अख्खं गाव राखण करतंय, आणि बोडीत राखायला एकही मरळ नाही.