फॉन्डंटला पाण्याचा हात

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना कुणी हसलं, तर समोरचा चहा उचलून आत नेईन. महिना झाला, तरी माझा राग उतरलेला नाही. आणि तो नक्की कुणावर काढायचा, हेच कळत नाही!

तर आमच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. सून केतकी, माहेर नागपूर, नोकरी हिंजवडीत. जेवताना म्हणाली, "आई, जंगल थीम ठेवतोय. केक ऑर्डर करते."

"ऑर्डर? मी काय मेलेय का?"

"अहो, तसं नाही. त्यावर फॉन्डंटचे प्राणी लागतात."

आता फॉन्डंट म्हणजे काय? साखरेचा मळलेला गोळा! त्याचे हत्ती-सिंह वळायचे. अहो, मी शनिवार पेठेत तीस वर्षं उकडीचे मोदक वळलेत. एकेका मोदकाला एकवीस कळ्या! लोक मोजून घ्यायचे. मला हत्ती वळता येणार नाही? शिवाय नागपूरहून विहीणबाई येणार होत्या. त्यांच्यासमोर विकतचा केक ठेवायचा? मी तिथल्या तिथे जाहीर केलं, केक मी करणार. दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या झाडून सगळ्या बायकांनाही सांगून झालं.

"आधी करून बघ," पेपरमधून डोकं वर न काढता आमचे हे म्हणाले, "मग गावभर सांग."

असं बोलल्यावर कुणाचं डोकं फिरणार नाही? मी क्लासच लावला. इथे धायरीतच एक मुलगी शिकवते, दोन शनिवार. नाव सायली, वय असेल पंचवीस. पहिल्या शनिवारी तिने प्रत्येकीपुढे एकेक गोळा ठेवला. मला तो घट्ट वाटला. मी वाटीत पाणी घेतलं आणि बोटं बुडवली.

"काकू, पाणी नाही हं! हाताला कॉर्नफ्लोअर लावा. पाण्याने साखर विरघळते."

"तुझं वय आहे ना, त्याहून जास्त वर्षं मी उकड मळतेय."

"हो काकू. पण ही उकड नाहीये."

सगळ्या बायकांसमोर! आणि त्यातल्या दोघी चक्क हसल्या. मी पर्स उचलली आणि घरी आले. दुसऱ्या शनिवारी फिरकलेसुद्धा नाही.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून बसले. पाण्याचा हात, तेलाचा हात, आणि गोळा कसा लोण्यासारखा झाला! हत्ती झाला, जिराफ झाला, सिंह झाला. काय सांगू, हत्तीच्या पायाची नखंसुद्धा दिसत होती. मग उकड वाळू नये म्हणून आपण काय करतो? ओलं फडकं टाकतो. टाकलं. वर सगळं ताट फ्रीजमध्ये ठेवून दिलं.

सकाळी फडकं उचललं. हत्तीची सोंड फडक्याला चिकटून आली. जिराफाने सिंहाच्या पाठीवर मान टाकली होती, आणि सिंह ताटभर पसरला होता. पिवळं, करडं, हिरवं, सगळं एक झालेलं. हे मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "पूर येऊन गेला वाटतं जंगलात."

मी फ्रीजचं दार आपटलं. फडकं मोरीत भिरकावलं. तरी समाधान होईना, म्हणून सायलीला फोन लावला.

"कसला भिकार माल वापरायला सांगतेस गं लोकांना?"

"काकू, पाणी लावलं होतंत का?"

"अजिबात नाही! नुसता पाण्याचा हात."

"आणि झाकायला?"

"ओलं फडकं."

मी फोन ठेवून दिला.

चार वाजता केतकी भलामोठा खोका घेऊन आली. आत केक. हिरवंगार जंगल, सगळे प्राणी आपापल्या पायांवर उभे. सायलीनेच केलेला.

"हा कधी सांगितलास?"

"तुम्ही क्लासमधून निघून आलात ना, त्याच संध्याकाळी," ती हळूच म्हणाली. "तुमचा चांगला झाला असता, तर हा मी ऑफिसात नेला असता."

म्हणजे हिचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता! आणि तो नव्हता तेच बरं झालं, याचा तर मला जास्तच संताप आला.

संध्याकाळी विहीणबाईंनी केक पाहिला आणि टाळ्याच वाजवल्या. "बाप्पा! काय सुंदर दिसून राहिला जी! एवढं सारं तुम्ही एकट्यानं केलं?"

मी केतकीकडे बघितलं. तिने मानेनेच सांगितलं, बोलू नका. खरं सांगायला हवं होतं हो. पण समोर सोसायटीतल्या सगळ्या बायका! माझ्या तोंडून निघून गेलं, "छे हो, त्यात काय एवढं!"

झालं. विहीणबाई केकवर वाकल्या. मधोमध एक सिंहीण होती. जबडा वासलेला, भुवया चढलेल्या, कुणाला खाऊ नि कुणाला नको असं झालेली.

"बाकी काही म्हणा, ही सिंहीण तर जित्तीजागती वाटून राहिली," त्या म्हणाल्या. "आरशात पाहून केली का जी?"

केतकी फुगे मोजायला लागली. आता मी काय बोलणार? मी केली म्हणावं, तर ती सिंहीण मीच ठरते. नाही म्हणावं, तर सगळ्यांसमोर नाक कापलं जातं. आणि सायलीने मुद्दामच केली असणार, अशी माझी आतून खात्री पटत चालली होती. माझा तोल गेला.

"मी नाही केली ती!" मी चष्मा सावरत केकवर वाकून ओरडले. "तो अख्खा केक त्या सायलीचा आहे!"

नेमका तेव्हाच ह्यांनी फोटो काढला. मोठा करून हॉलमध्ये लावलाय. सिंहीण आणि मी, शेजारी शेजारी, दोघींचे जबडे सारखेच वासलेले. येणारा प्रत्येक जण विचारतो, यातल्या तुम्ही कुठल्या?

चष्मा लावलेली मी.