आइसलँडच्या बाई आणि माझे बाबा

‘हो’ म्हणताना त्या श्वास आत ओढायच्या. ठेच लागल्यावर आपण ओढतो तसा. पहिल्यांदा मी घाबरून विचारलं, “काय झालं? लागलं का?”

“नाही गं. मी हो म्हणाले.”

तुम्हीही गोंधळला असता.

अमेरिकेत, पिस्कॅटवेला आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये २००४ साली त्या राहायला आल्या. साठीच्या, आइसलँडच्या, कादंबऱ्या लिहिणाऱ्या. युनिव्हर्सिटीनं वर्षभरासाठी बोलावलं होतं. मी डिपेंडंट व्हिसावर, दिवसभर घरी. आमची भेट व्हायची ती तळघरातल्या लाँड्री रूममध्ये.

मी मॅडम म्हटलं की त्या हात झटकायच्या. “नाव घे. आमच्याकडे पंतप्रधानांनाही नावानंच हाक मारतात. आडनाव नसतंच बहुतेकांना. आपलं नाव, मग वडिलांचं.”

“आमच्यातही वडिलांचं नाव लावतात,” मी म्हणाले. “लग्नानंतर त्या जागी नवऱ्याचं येतं.”

“मग वडील कुठे जातात?”

काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेले. मी नऊ वर्षांची असताना बाबा संगमनेरच्या घरातून कुणाला न सांगता निघून गेले. तीन वर्षांनी परत आले. आईनं ताट वाढलं. कुठे होतात, हे कुणी विचारलं नाही. नवऱ्यालाही न सांगितलेली ही गोष्ट मी लोकरी मोज्यांच्या जोड्या लावणाऱ्या परक्या बाईंना सांगितली!

त्यांनी एवढंच विचारलं, “परत आले तेव्हा पायांत काय होतं?”

मला आठवेना.

वर्ष संपलं, त्या गेल्या. दोन वर्षांनी पोस्टानं त्यांची नवी कादंबरी आली, त्यांच्याच भाषेत. एक ओळ कळेल तर शपथ! पण चाळताना एका पानावर रोमन अक्षरांत ‘संगमनेर’ दिसलं. पुढे पुन्हा दिसलं.

“लिहिणाऱ्यांना घरातलं सांगू नये यार,” मी सगळं सांगितल्यावर नवरा म्हणाला. मला राग आला होता की बरं वाटलं होतं, माझं मलाच कळेना. मी मेल केला, “यातले वडील माझे आहेत का?”

उत्तर आलं, “हो. फक्त माझ्या कादंबरीत ते परत येत नाहीत. परत आलेल्या माणसाच्या तोंडी काय घालावं, मला सुचलं नाही. तू त्यांना विचारलंस का?”

विचारायला मला वर्ष लागलं. एका रविवारी सकाळी फोन केला. “बाबा, ती तीन वर्षं तुम्ही कुठे होता?”



“येताना वाटभर उत्तर घोकत आलो होतो,” बाबा म्हणाले. “वाटलं, दारातच विचाराल.”

“मग आता सांगा ना.”

“आता नाही गं जुळत, पोरी.”

हे मी लगेच बाईंना लिहिलं. उत्तर त्यांच्या बहिणीचं आलं. बाई आदल्या हिवाळ्यातच वारल्या होत्या.

घरातून निघालेला तो माणूस कुठे कुठे गेला, ते बाईंनी लिहिलं असणार. पुस्तक माझ्या कपाटात आहे. मला ते वाचता येत नाही.