न मोजलेली मेंढरं

बिभीषणकाका आकृती काढत आणि नावांच्या जागा मोकळ्या सोडत. तक्ता बेडकाच्या हृदयाचा असो वा झुरळाच्या मुखावयवांचा, प्रत्येक रेघ पट्टीने आखलेली, नेमक्या अवयवाला टेकलेली. पण रेघेच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही. पाटोद्याच्या महाविद्यालयात मी प्राणिशास्त्राची कंत्राटी प्राध्यापिका म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात याचे कारण विचारले. आमच्या प्रयोगशाळेचे परिचर असलेले हे पन्नाशीचे गृहस्थ काचेची नळी पुसत म्हणाले, "रेघ माझी, नाव तुमचं. लिव्हायचं काम शिकलेल्याचं, मॅडम." ते रोज वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत. तेव्हा हे उत्तर अक्षरशत्रूचे नव्हे, एवढे माझ्या ध्यानात आले.

कारण पुढे सावकाश कळले. काका नांदूरघाटाकडच्या मेंढपाळ घरातले. सातवीत गुरुजींनी गायीवर निबंध लिहायला सांगितला. घरी गाय नव्हती, म्हणून यांनी मेंढीवर लिहिला. गुरुजींनी तो वर्गात मोठ्याने वाचला आणि सगळा वर्ग हसला. हे सांगताना काका स्वतःही हसत. मात्र त्या दिवसानंतर त्यांनी मनातले एक वाक्यही कागदावर उतरवले नव्हते. चित्रे तेवढी चालू राहिली. आसपासच्या शिक्षकांनी काढलेल्या चार बालपुस्तकांना त्यांचीच चित्रे होती. शब्द कायम दुसऱ्याचे.

पाचवे पुस्तक मी लिहायला घेतले. हेतूशिवाय मला काही करवत नाही. अंगणवाडीतल्या मुलांना वीसपर्यंत मोजता यावे, हा हेतू होता. मेंढपाळ संध्याकाळी मेंढ्या मोजतो, एकोणीसच भरतात, आणि तो विसावीला शोधायला निघतो, अशी गोष्ट. काकांनी आठ दिवसांत सगळी पाने रंगवली. मोजणीचे पान मात्र कोरेच आणून माझ्यापुढे ठेवले.

"मेंढरं कुनी मोजीत न्हाई, मॅडम. वळखीत्यात."

मोजल्याशिवाय एक कमी असल्याचे कळणार कसे, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, "घरी जेवाया बसल्यावर तुमी मानसं मोजता का? मंग मेंढरं कावून मोजायची?"

युक्तिवाद चांगला होता, पण पुरावा नव्हता. म्हणून मी प्रयोग मांडला. त्यांच्या धाकट्या भावाचा कळप तेव्हा पालीजवळ एका शेतात लेंड्यांच्या खतासाठी बसवलेला होता. रविवारी आम्ही दोघे तिथे गेलो. भावाला मी गुपचूप दोन मेंढ्या बांधाआड लपवायला सांगितले. संध्याकाळी कळप वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, शिरू लागला. मी तीनदा मोजले आणि तीनदा निराळा आकडा आला. काका वाघरीच्या तोंडाशी नुसते उभे होते. शेवटचे मेंढरू आत गेले तसे ते भावाकडे वळले.

"मोरी अन् तिची पोर कुठं दडवली बे?"

भाऊ इतका हसला की त्याला खाली बसावे लागले.

परतीच्या बसमध्ये मी माझी गोष्ट मागे घेतली आणि ती काकांनीच लिहावी असे सांगितले. त्यांनी साफ नकार दिला. वर्ग हसला होता, आता पोरे हसतील, असे त्यांचे म्हणणे. पाटोदा येईपर्यंत वाद चालला. शेवटी ठरले ते एवढेच, की प्रात्यक्षिके संपल्यावर रोज एक वाक्य.

पहिले वाक्य दुसऱ्याच दिवशी चौघडी केलेल्या कागदावर आले: 'मेंढरं आत आली, पर वाघर रिकामी दिसती.' मी सवयीने लाल पेन काढले. भाषा प्रमाण केली, 'रिकामी'खाली रेघ ओढली आणि शेजारी 'तर्क?' असे लिहिले. काकांनी कागदाची पुन्हा घडी केली आणि खिशात ठेवली. नंतर चार दिवस वाक्य आले नाही. ते नेहमीसारख्या परीक्षानळ्या धुवत होते, मला चहा विचारत होते. रागाचे कोणतेही लक्षण नव्हते. पाचव्या दिवशी मला उमगले, की मी गुरुजींचेच काम केले होते, फक्त न हसता. मी माफी मागितली आणि ते वाक्य जसेच्या तसे छापू, असे सांगितले.

"तुमची चूक न्हाई," काका म्हणाले. "लाल पेन हातात आला की चालतोच."

मग वाक्ये येत गेली. कधी एक, कधी तीन. मी ती फक्त वाचली. त्यांच्या गोष्टीत हरवणारी मेंढीही मोरीच होती.

पुस्तक तयार झाले, तेव्हा अंगणवाडीत वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. काका आत यायला तयार नव्हते. दाराबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी पाठमोरे उभे राहिले. वाघरीचे पान उघडताच मुले पुढे सरकली. मी पान उलटण्याआधी एक मुलगी उठली, चित्रावर बोट फिरवत म्हणाली, "हितं मोरी न्हाई." कोणी हसले नाही. सगळे तिला शोधू लागले. ही गोष्ट कोणी लिहिली, असे सेविकाबाईंनी विचारले. मी दाराकडे पाहिले. दाराबाहेरून आवाज आला, "म्या." मग जरा थांबून, "म्या लिव्हलीय."

पुढे मला संशोधनासाठी पुण्याला प्रवेश मिळाला. निरोप घ्यायला गेले, तेव्हा काका प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या टेबलावर वही उघडून लिहीत बसले होते. पान भरत आले होते. मी अगदी सहज हात पुढे केला. त्यांनी वही मिटली.

"ही आधी पोरांना वाचून दावनार," ते संकोचाने, पण स्पष्ट म्हणाले. "तुमी छापल्यावर वाचा."

क्षणभर मला ते लागले. दीड वर्ष मी ज्याची वाट पाहिली ते हेच, हे कळायला आणखी एक क्षण गेला. मग मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "अहो मॅडम," म्हणत काका गडबडून उठले, मागे सरले, त्यांचे स्टूल कलंडले. वही मात्र त्यांनी काखेत घट्ट धरून ठेवली होती.