बब्रुवान सरांचे न भिजलेले दाणे

बब्रुवान सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी औशाच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट पाहत होतो. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, एवढंच म्हणाल्या, "दत्ताभाऊ, सर गेले…" मला रडू आलं नाही, राग आला. पाच आठवडे झाले, तो तसाच आहे, आणि तो शांत व्हावा म्हणून मी हे लिहीत नाही.

लातूरच्या एका क्लासमध्ये ते जीवशास्त्र शिकवायचे, मी भौतिकशास्त्र. मोड आणायला मटकी भिजवली की काही दाणे फुगतच नाहीत, खड्यासारखे राहतात. ते वहिनींकडून मागून घेऊन, वाळवून सर एका बाटलीत भरत. वर्गात बाटली खुळखुळवून विचारत, "जितं हाय का मेलेलं?" पोरं सजीवांची लक्षणं घडाघडा म्हणून दाखवत. सर नुसते हसत. मला एकदा म्हणाले, "दत्ता, जीवशास्त्र चिरून बघतंय. पन जितं म्हंजे काय, हे चिरायच्या आदी इचारावं लागतंय. ते इचारनं म्हंजे तत्त्वज्ञान. एकाबिगर दुसरं लंगडं हाय."

मग रविवारच्या चाचणीत, जिथं उत्तर चुकलं की एक मार्क वजा होतो, त्यांनी तोच प्रश्न घातला. पर्याय चार: सजीव, मृत, निर्जीव, नुसतं बघून सांगता येत नाही. बरोबर उत्तर चौथं. हुशार पोरांचे मार्क गेले, पालक चिडले. संचालकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सरांना झापलं, "डॉक्टर घडवायलोत आपन हितं, साधू न्हाई! मेलेला दाना हाय त्यो." आणि माझ्याकडे वळले, "काय हो, बराबर हाय का न्हाई?" सर माझ्याकडे बघत होते. मी… चहाच्या कपात बघत बसलो. त्याच महिन्यात सरांना काढलं. रेणापूरला घरीच ते चार पोरांना शिकवत राहिले. मला त्यावरून कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

शोकसभा घेतली ती याच संचालकांनी. फ्लेक्सवर सरांचा फोटो, शेजारी स्वतःचा, जरा मोठा. माईक हातात घेऊन म्हणाले, सरांची ती बाटली क्लासच्या दारात काचेच्या पेटीत ठेवू. बाटली वहिनींनी माझ्याकडे दिली होती. मी उठलो. "देतो की. आदी त्यो प्रश्न सोडवा. जितं का मेलेलं?" हॉल पालकांनी भरलेला. ते हसून म्हणाले, "मेलेलंच की हो!"

घरी येऊन मी एक दाणा पॉलिश पेपरवर घासला, सरांनी दाखवला होता तसा. पाणी आत जाऊ न देणारी टणक साल खरवडली, भिजत घातला. तिसऱ्या दिवशी मोड आला. तो ओल्या कापसात ठेवून, जुन्या प्रश्नपत्रिकेवर 'मृत'ला लाल फुली मारून, ते दोन्ही नेऊन संचालकांच्या टेबलावर ठेवलं. समोर पालक बसले होते. "चुकलं. उणे एक," मी पालकांनाही ऐकू जाईल असं म्हणालो आणि वर राजीनामा ठेवला. संचालकांचं तोंड उतरलेलं बघून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू…

बाटली आता माझ्या टेबलावर आहे, एक दाणा कमी. रोज येता-जाता खुळखुळवतो. संचालकांनी चुकीचं का होईना, उत्तर दिलं होतं. मी त्या दिवशी प्रश्नच सोडून दिला. सोडलेल्या प्रश्नाला शून्य मिळतं, आणि त्यावर सर कधी लाल फुलीसुद्धा मारत नसत.