तुळसाबाईचा अंगठा

तुळसाबाईला सही मी शिकवली. एक्क्याण्णव सालच्या साक्षरतेच्या मोहिमेत, अंगणवाडीच्या ओट्यावर, भर दुपारी. मी नुकतीच लागलेली सेविका, ती पन्नाशी ओलांडलेली. ‘ळ’ काढताना तिची जीभ बाहेर यायची. दोन महिन्यांनी नाव हातात बसलं आणि त्यानंतर तिने कुठेही अंगठा लावला नाही. बँकेत कोणी शाईचं पॅड पुढे सरकवलं, की ती ते परत सरकवायची आणि पेन मागायची.

हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात मीही सामील आहे.

आमचं गाव जऊळक्याजवळ. तिचे मालक मारोतराव होते तोवर मतदान म्हणजे त्यांच्या घरची मिरवणूकच. मारोतराव पुढे, बायका मागे. शाळेच्या फाटकापर्यंत ते कोणतं चिन्ह ते तीनदा सांगायचे आणि तुळसाबाई तीनदा मान हलवायची. आत गेल्यावर मात्र स्वतःच्या मनातलं करायची. शिक्का होता तेव्हाही आणि मशीन आल्यावरही. एकदा तिनेच मला हे हसत सांगितलं.

“ज्योत्स्ना, तो पुठ्ठ्याचा आडोसा हाये ना, तेवढीच एक जागा हाये जिथं माह्या मांगं कोनी येत नाई.”

मारोतराव गेले आणि त्यांचा हुकूम मुलाने, गणेशने, वारशात घेतला. लोकसभा आली की हा उमेदवाराच्या माणसांबरोबर जीपमधून फिरायचा आणि घरची सात मतं खिशात असल्यासारखा बोलायचा. खासदार एकच जातो, एका मताने जरी जास्त असला तरी तोच जातो, म्हणून एकेक मत मोलाचं, हे भाषण त्याला तोंडपाठ. मोलाचं कोणासाठी, ते कोणी विचारायचं नाही.

दोन हजार चोवीसच्या लोकसभेला पंच्याऐंशीच्या वरच्या म्हाताऱ्यांसाठी घरूनच मतदानाची सोय झाली. सोय चांगली. खाटेला खिळलेल्यांसाठी खरंच चांगली. आमच्या मतदार यादीचं काम बघणारी अधिकारी, बीएलओ, मीच, त्यामुळे घरोघरी फिरून अर्ज गोळा करणं माझ्याकडे होतं. तुळसाबाई तेव्हा सत्त्याऐंशीची. गणेशने तिचा अर्ज भरून तयारच ठेवला होता. खाली निळा अंगठा.

मी आई कुठे आहे विचारलं. तो म्हणाला, निजली आहे, आता तिला दिसत नाही काही. आदल्याच दिवशी मी तिला अंगणात तुरीतले खडे निवडताना पाहिलं होतं. तरी मी अर्ज पिशवीत टाकला. उन्हाचा, कामाचा, कशाचाही बहाणा सांगता येईल. खरं एवढंच, की मला गणेशशी भांडण नको होतं.

असा अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे टपाली मताची खूण पडते. मग मत द्यायचं ते घरीच, कागदी मतपत्रिकेवर. मत घ्यायला पथक घरी येतं, माणूस भेटलं नाही तर आणखी एकदाच. ज्याला दिसत नाही त्याच्या मदतीला घरचं माणूस आडोशाच्या आत उभं राहू शकतं. गणेशला तेवढंच हवं होतं.

पथक आलं. बैठकीत टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा लावला, कॅमेरा सुरू झाला. आडोशामागे गणेश आधीच जाऊन उभा. तुळसाबाईने आतल्या दारातून ते पाहिलं आणि मागच्या दाराने शेतात निघून गेली. पथकाच्या साहेबांनी मतदार गैरहजर असं लिहिलं आणि आता एकदाच येऊ म्हणून तारीख दिली.

या वेळी नाही दिलं तर केंद्रावरही देता येणार नाही, हे गणेशने तिला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलला असेल आणि तेच तिला खोटं वाटलं. मी सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं. मी गेले नाही. ठरल्या दिवशी ती सकाळीच ऑटोत बसून जऊळक्याला गेली आणि पथक निघून जाईपर्यंत स्टेशनच्या बाकावर बसून राहिली. आपण जिंकलो असं तिला वाटलं असणार.

मतदानाच्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून, कार्ड घेऊन ती शाळेत आली. मला पाहून हसली. रांगेतल्यांनी तिला पुढे सोडलं. मी पाठोपाठ आत गेले. यादी पाहणाऱ्याने पान उलटलं, नावावर बोट ठेवलं आणि आजी, तुमचं मत घरून होतं, इथे देता येणार नाही, असं सांगितलं. म्हणाला, तुम्हीच तसा अर्ज दिला आहे. म्या नाई देल्ला, ती म्हणाली. त्याने खांदे उडवले. त्याचं तरी काय चुकलं? पलीकडे मशीन वाजलं, कोणाचं तरी मत पडलं. आडोसा तिच्यापासून चार पावलांवर होता.

ती माझ्याकडे वळली.

“त्या अर्जावर सही होती का माही?”

“नाही. अंगठा होता.”



“अन् तुनं घेतला?”

मी हो म्हटलं. तिने कार्ड कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि रांगेच्या कडेने बाहेर गेली. दारात गणेश शाईचं बोट दाखवत फोटो काढून घेत होता.

आता ती मला ज्योत्स्ना म्हणत नाही, अंगणवाडीवाल्या बाई म्हणते. गणेश मात्र रस्त्यात गाडी थांबवून रामराम घालतो, मी त्याच्यातलीच आहे असं समजून. त्याची मला किळस येते. आणि मी दर वेळी उलट रामराम करते, त्याचीही.