पडायला शिकवणारे अप्पा

मानवतचे बसलिंगअप्पा आता नाहीत. असते, तर तुमच्या घरी आल्यावर बसण्याआधी त्यांनी पायाने जमीन दाबून पाहिली असती. माझ्या लग्नात त्यांनी बोहल्यासमोरची सतरंजी अशी चाचपली, की सासरेबुवा कानकोंडे झाले. इथं पडलो तर किती लागेल, हाच विचार या गोलकिपरच्या डोक्यात कायम असायचा.

त्याला कारण होतं. अप्पा झेप घ्यायला शिकले ते वडिलांच्या जिनिंगमधल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, कापसाच्या ढिगांवर. पहिल्या सामन्यात परभणीच्या टणक मैदानावरही त्यांनी तशीच बिनधास्त झेप घेतली आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. मी त्यांच्या पुढे बचावाला होतो. चेंडू मात्र सोडला नव्हता, हे ते पुढे चाळीस वर्षं ऐकवत राहिले.

नंतर अप्पा देशासाठी खेळले आणि साठीला टेकल्यावर महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचे मॅनेजर झाले. संघ निवडायचा, खेळवायचा आणि हरला की शिव्या खायच्या, असं ते काम. त्यातच गोलकिपर रेश्मा हात मोडल्यापासून पडायलाच घाबरू लागली. हिला वगळा, नाहीतर तुमचं पद जाईल, असं अप्पांना वरून बजावण्यात आलं. अप्पा तिला घेऊन थेट मानवतला आले. कापसाचा हंगाम होता. देशाची गोलकिपर आठवडाभर ढिगावर उड्या मारत होती आणि अप्पा खाली उभे राहून म्हणायचे, "पड की माय, कापूस काय चावायलाय का?" जिनिंगमधल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मग त्यांनी तिला नांगरलेल्या रानात नेलं आणि शेवटी मैदानावर. स्वतःचं हाड ते विसरले नव्हते.

निर्णायक सामन्यात अखेरच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली ती समोरच्या संघाला. रेश्मा झेपावली, चेंडूला बोटंही लागली, पण गोल झाला. संघ स्पर्धेबाहेर गेला आणि अप्पांचं पदही गेलं.

सुतकी चेहरा करून मी त्यांना आणायला परभणी स्टेशनवर गेलो. सांत्वनाची दोन वाक्यं पाठ केली होती. अप्पांनी फलाटावरच मोबाइल काढून ती पेनल्टी दाखवली आणि चेंडू जाळीत जायच्या आत थांबवली.

"कशी पडली बघ. डोळे बी मिटले न्हाईत."

"पण अप्पा, तुमचं पद गेलं की."

"पद काय, आज न उद्या जायचंच होतं. पोरगी भिऊन घरी बसली असती, तर मला झोप लागली नसती."

त्यांचे डोळे भरून आले होते. चाळीस वर्षं मी या माणसाची थट्टा करत आलो. त्या दिवशी मात्र "पुन्हा दाखवा," एवढंच म्हणालो.